केमिस्ट्रीची गणितं मित्रांसोबत सोडवताना: ‘फ्लास्कमध्ये आत्ता काय आहे?’

प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही चौघं मित्रमैत्रिणी बारावी सायन्सला आहोत. रोज रात्री केमिस्ट्रीची अवघड गणितं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. आमच्यातली एक या विषयात फार हुशार आहे, ती सोडवून फोटो पाठवते. फोटो बघितला की सगळं कळतं, पण टेस्टमध्ये तसंच गणित आलं की हात चालत नाही. तिच्या आईचं म्हणणं, या नादात तिचा स्वतःचा अभ्यास मागे पडतोय. एकत्र अभ्यास करणं बंद करावं का?

बंद करू नका. पद्धत मात्र आजपासूनच बदला. मी सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते आहे. गटाने अभ्यास करून वर आलेली मुलं मी पाहिली, आणि गटातच बसून मागे राहिलेलीही पाहिली. दोन्हीकडे मुलं तितकीच प्रामाणिक होती. फरक एवढाच होता की अडलेल्याला नेमकं काय दिलं जायचं.

सोडवलेलं गणित वाचताना पुढची ओळ डोळ्यांसमोर असते. ती पटते, त्याच्या पुढचीही पटते, आणि आपल्याला आलं असं वाटतं. परीक्षेत पहिली अडचण असते ती सुरुवात कुठून करायची याची, आणि तेच काम तुमच्या मैत्रिणीने दरवेळी तुमच्यासाठी करून टाकलेलं असतं. तिच्या फोटोत उत्तर असतं. हे सूत्र तिला का सुचलं, दुसरं तिने का सोडलं, हे फोटोत येत नाही.

मागच्या वर्षीचा एक प्रसंग सांगते. प्रॅक्टिकल संपल्यावर दोघी लॅबमध्येच बाकावर बसल्या होत्या. गणित नेहमीचंच होतं: ०.१ मोलर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ५० मिली घेतलं, त्यात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २५ मिली टाकलं, तर पीएच किती? अ‍ॅसिडचा पीकेए, म्हणजे त्याची तीव्रता दाखवणारा आकडा, ४.७४. मी जर्नल तपासत होते, त्यामुळे सगळं बोलणं कानावर पडत होतं.

‘माझं ३.११ आलंय. उत्तर ४.७४ आहे. कुठे चुकलं बघ ना.’

दुसरीने वही ओढली, पेन उचललं आणि परत ठेवून दिलं. ‘थांब. सुरुवातीला फ्लास्कमध्ये काय होतं?’

‘अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. पाच मिलिमोल.’

‘वरून काय टाकलंस?’

‘सोडियम हायड्रॉक्साइड. अडीच मिलिमोल.’

‘मग आत्ता आत काय आहे?’

‘अडीच मिलिमोल अ‍ॅसिड उरलं, पंच्याहत्तर मिलीमध्ये. तेच तर घेतलंय मी.’

‘आणि ज्या अडीच मिलिमोल अ‍ॅसिडची रिअ‍ॅक्शन झाली, त्याचं काय झालं?’

पहिली जरा वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘सोडियम अ‍ॅसिटेट. अगं, म्हणजे अ‍ॅसिटेट पण आहे आत! बफर आहे हा.’

त्या मुलीची आकडेमोड बिनचूक होती. अडीच मिलिमोल भागिले पंच्याहत्तर मिली म्हणजे ०.०३३ मोलर, त्याला दुर्बल आम्लाचं सूत्र लावलं की ३.११ च येतं. चूक आकड्यांत नव्हती, तिच्या मनातल्या फ्लास्कमधून अ‍ॅसिटेट गायब होतं. दुर्बल आम्ल आणि त्याचाच क्षार एकत्र आले की बफर होतो. अ‍ॅसिड आणि अ‍ॅसिटेट सारखेच मिलिमोल आहेत हे दिसल्यावर गुणोत्तर एक, त्याचा लॉग शून्य, आणि पीएच म्हणजे पीकेएच, हे तिने तोंडीच सांगितलं. मैत्रिणीने ‘हेंडरसनचं सूत्र लाव’ (बफरचा पीएच काढायचं सूत्र) एवढंच म्हटलं असतं तर काम दहा सेकंदांत झालं असतं, आणि पुढच्या वेळी तीच चूक पुन्हा झाली असती. पुढच्या आठवड्यात अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं गणित आलं, तेव्हा त्या मुलीने कुठलंही सूत्र लिहिण्याआधी तीन रकाने आखले: आधी किती, किती संपलं, शेवटी काय काय उरलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या ग्रुपमध्ये एवढा एक प्रश्न रुजवा: फ्लास्कमध्ये आत्ता काय आहे? आयनिक इक्विलिब्रियमच्या, म्हणजे द्रावणातल्या आयनांच्या समतोलाच्या, बहुतेक गणितांचं कुलूप याच किल्लीने उघडतं. १० चा उणे आठवा घात मोलर इतक्या विरळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा पीएच ८ लिहिणाऱ्याला हाच प्रश्न विचारा. फ्लास्कमध्ये पाणीही आहे, आणि त्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन या अ‍ॅसिडपेक्षा जास्त आहेत, हे लक्षात आलं की उत्तर ६.९८ येतं. अ‍ॅसिड पाण्यात टाकून द्रावण आम्लारिधर्मी कसं होईल, अशी शंकाही त्याला मग स्वतःलाच येते.

आता बसायचं कसं ते सांगते. आधी प्रत्येकाने एकट्याने अडायचं. ही अट मी कधीच सैल करत नाही. निदान वीस मिनिटं गणिताशी झटल्याशिवाय ग्रुपवर टाकायचं नाही, आणि टाकताना छापील प्रश्नाचा फोटो न टाकता आपल्या रफ वहीच्या पानाचा टाकायचा, खाडाखोडीसकट. सोबत दोन ओळी: मी इथपर्यंत आलो, ही पायरी मला पटत नाही, किंवा उत्तर इतकं यायला हवं आणि माझं इतकं येतंय. अशा पानावर मदत करणाऱ्याला चूक कुठे शिरली ते एका नजरेत दिसतं. पुष्कळदा टाकणाऱ्यालाच ती दोन ओळी लिहिताना सापडते आणि मेसेज पाठवावाच लागत नाही.

यामागे एक जुनं निरीक्षण आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कली विद्यापीठात युरी ट्रीझमन यांनी पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसला बसणारी मुलं अभ्यास कसा करतात ते त्यांच्यासोबत राहून पाहिलं. अपयशी ठरणारी कृष्णवर्णीय मुलं कष्टाळू होती, पण बहुतेक एकेकटी अभ्यास करायची. चिनी वंशाची मुलं आधी स्वतंत्रपणे गणितं करायची आणि मग एकत्र जमून एकमेकांचं तपासायची. त्यावरून ट्रीझमन यांनी मुलांना गटात बसवून मुद्दाम कठीण गणितं देणारे वर्ग सुरू केले आणि त्यांचा फायदा झाला. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. तुमच्या ग्रुपमध्ये एकत्र येणं आहे, त्याआधीचं एकट्याने करणं राहून गेलंय.

चौघं खरोखर झटून आलात की गट काय करू शकतो, ते फेरस ऑक्झलेटच्या गणितात छान दिसतं. एक मोल फेरस ऑक्झलेटचं आम्लधर्मी माध्यमात पूर्ण ऑक्सिडेशन करायला पोटॅशियम परमँगनेटचे किती मोल लागतील? माझ्या वर्गात यावर दरवर्षी दोन तट पडतात. काही म्हणतात, फेरसचं फेरिक होतं, एक इलेक्ट्रॉन सुटतो, परमँगनेट पाच घेतं, म्हणून एक पंचमांश मोल. काही म्हणतात, ऑक्झलेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, दोन इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून दोन पंचमांश. दोन्ही बाजू आपापलं म्हणणं पुस्तकातल्या समीकरणानिशी सिद्ध करतात आणि दोन्हींचं खरंच असतं. मग कुणीतरी विचारतं, ‘पण त्याच फ्लास्कमध्ये दोन्ही आहेत ना?’ एक अधिक दोन, तीन इलेक्ट्रॉन, तीन पंचमांश, म्हणजे ०.६ मोल. एकेकट्याने ज्याने त्याने आपापला अर्धा भाग पाहिला होता, समोरासमोर बसल्यावर तो पूर्ण झाला. ‘एन फॅक्टर’, म्हणजे एका रेणूमागे किती इलेक्ट्रॉन सुटतात किंवा घेतले जातात तो आकडा, पाठ करून हे येत नाही. तुमच्यापैकी कुणी एन फॅक्टरचा तक्ता पाठ करत असेल तर त्याला सांगा, आधी इलेक्ट्रॉन मोज. परमँगनेट आम्लात पाच घेतं, उदासीन माध्यमात तीन आणि तीव्र आम्लारीत एकच, हेसुद्धा मँगनीज शेवटी कशात जातं ते लिहिलं की आपोआप दिसतं.

गटाचा एक धोकाही आहे, तो सांगायलाच हवा. ज्याचा आवाज मोठा, त्याचं उत्तर सगळ्यांचं होतं. फॉस्फरस पेंटाक्लोराइडचं ट्रायक्लोराइड आणि क्लोरीनमध्ये विघटन होतंय, समतोल साधलाय, आणि भांड्याचं आकारमान तेवढंच ठेवून त्यात आरगॉन सोडला, तर समतोल कुठे सरकेल? एका गटात तिघं ठामपणे म्हणाली, ‘प्रेशर वाढलं, म्हणजे कमी मोलकडे, मागे सरकेल. ल शातेलिएचा नियम.’ चौथा मुलगा दबक्या आवाजात म्हणत होता की काहीच होणार नाही, आणि तिघांनी त्याला गप्प केलं होतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की मतं बाजूला ठेवा, आकडे घ्या. एक लिटरच्या भांड्यात तिन्ही वायू एकेक मोल आहेत असं धरा. गुणोत्तर म्हणजे ट्रायक्लोराइड गुणिले क्लोरीन भागिले पेंटाक्लोराइड, एक गुणिले एक भागिले एक, म्हणजे एक, आणि हाच समतोल स्थिरांक. आता तीन मोल आरगॉन सोडा. तिन्ही वायूंची संहती बदलली का? नाही. गुणोत्तर एकच राहिलं, समतोल जागच्या जागी. आता हेच दाब कायम ठेवून करा. वायूचे मोल तीनाचे सहा झाले, आकारमान दुप्पट झालं, प्रत्येकाची संहती अर्धी. गुणोत्तर ०.५ गुणिले ०.५ भागिले ०.५, म्हणजे ०.५. स्थिरांकापेक्षा कमी, म्हणून क्रिया पुढे सरकणार. चौथा मुलगा बरोबर होता, आणि तिघांना त्यांचा नियम कुठे लागू होतो तेही समजलं.

म्हणून वाद झाला की मत मोजायचं नाही, आकडे घालून पाहायचे. आणि बोलायला सुरुवात करण्याआधी प्रत्येकाने आपलं उत्तर आपल्या वहीत लिहून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्याचं ऐकून ते मनातल्या मनात बदलत नाही. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वर्गात हीच रीत वापरली: आधी आपलं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा नोंदवायचं. मी ती माझ्या वर्गात वापरते. हात वर करायला लाजणारी मुलं शेजाऱ्याशी मात्र तावातावाने बोलतात.

ऑरगॅनिकला फोनचा उपयोग आणखीच कमी. स्टिरिओकेमिस्ट्री, म्हणजे रेणूची त्रिमितीय रचना, कागदावर सपाट दिसते आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. रविवारी कुणाच्या तरी घरी बसा. उकडलेल्या बटाट्याचा सुपारीएवढा तुकडा घ्या, तो कार्बन. त्यात दात कोरायच्या चार काड्या अशा खोचा की कुठल्याही तीन टेकवून तो टेबलावर उभा राहील. चार टोकांना भिजवलेला हरभरा, वाटाणा, शेंगदाणा आणि मनुका. आता शेजारी दुसरा तसाच करा, फक्त हरभरा आणि वाटाण्याची अदलाबदल करून. दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसतात का बघा. कितीही फिरवलं तरी बसत नाहीत. अशा जोडीतली रचना ‘आर’ की ‘एस’ हे ठरवताना सर्वांत कमी अग्रक्रमाचा गट तुमच्यापासून लांब धरा आणि उरलेले तीन अग्रक्रमाच्या उतरत्या क्रमाने मोजा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गेलात तर आर. एकाने मॉडेल धरायचं, दुसऱ्याने डोळा लावून सांगायचं, तिसऱ्याने कागदावर काढायचं. माझ्या एका विद्यार्थिनीला फिशर प्रोजेक्शन, म्हणजे अशी रचना सपाट कागदावर काढायची पद्धत, दोन महिने कळत नव्हतं, ते तिच्या स्वयंपाकघरात पंधरा मिनिटांत कळलं.

मेकॅनिझम, म्हणजे क्रिया पायरीपायरीने कशी घडते ते, समजावताना मदत करणाऱ्याने फक्त एक विचारायचं: हा बाण निघाला कुठून? बाण नेहमी इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतो. ३-मिथाइलब्युटेन-२-ऑलवर हायड्रोब्रोमिक अ‍ॅसिडची क्रिया केली की ब्रोमीन दुसऱ्या कार्बनवर बसेल असं जवळजवळ प्रत्येक जण लिहितो. पाणी निघून गेल्यावर उरलेला कार्बोकॅटायन (धन प्रभार असलेला कार्बन) दाखव, त्याचे शेजारी दाखव, असं म्हटलं की शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन इलेक्ट्रॉनच्या जोडीसकट सरकतो, दुय्यमचा तृतीयक कार्बोकॅटायन होतो आणि ब्रोमीन तिथे जाऊन बसतं, हे त्याचं त्यालाच सापडतं.

आणखी एक गोष्ट, जी क्लासमध्ये फारशी बोलली जात नाही. तुमच्यापैकी कुणी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं असेल तर अकरावीला त्याच्या पायाखालची भाषाच बदलते. आम्ल, आम्लारी, क्षपण, संयुजा, उदासिनीकरण हे शब्द एका उन्हाळ्यात अ‍ॅसिड, बेस, रिडक्शन, व्हॅलन्सी, न्यूट्रलायझेशन होतात. विषय येत असतो, शब्द अडवतो. एक मुलगा साखरेच्या द्रावणाच्या गणितात व्हॅन्ट हॉफ फॅक्टर (विरघळल्यावर एकाचे किती कण होतात तो आकडा) दोन घ्यायचा. खोदून विचारल्यावर कळलं की डिसोल्यूशन (विरघळणं) आणि डिसोसिएशन (आयनांत सुटं होणं) हे दोन शब्द त्याला एकच वाटत होते. त्याच्या मित्राने त्याला मराठीत सांगितलं: ‘साखर विरघळते, पण तिचं विचरण होत नाही. मीठ विरघळतं आणि त्याचं विचरणही होतं.’ साखरेचा फॅक्टर एक, मिठाचा दोन, तो पुन्हा कधी चुकला नाही. मला हे दोन वाक्यांत सांगता आलं नव्हतं. तुमच्या ग्रुपमध्ये मराठीत बोला, बिनधास्त बोला. उत्तर इंग्रजीत लिहायचं असेल ते नंतर लिहा. ज्याला शब्दामुळे अडतंय त्याला ‘एवढंही येत नाही?’ असं कुणी म्हणू नका, कारण तो त्यानंतर विचारायचंच बंद करतो.

आता तुमच्या मैत्रिणीच्या आईबद्दल. त्यांची काळजी खरी आहे. सध्या ती मुलगी तिघांचा गृहपाठ करते आहे, आणि जे तिला आधीच येतं तेच पुन्हा लिहिण्यात तिची रात्र जाते. तिला यातून फारसं काही मिळत नाही आणि तुम्हालाही नाही. उपाय म्हणजे तिने पेन हातात धरायचंच नाही. लिहायचं अडलेल्याने, तिने फक्त विचारायचं. हे तिला सोपं जाणार नाही. सूत्र ओठांवर असताना गप्प बसणं फार अवघड असतं, मलाही इतक्या वर्षांनी कधी कधी जमत नाही. पण त्यात तिचाही फायदा आहे. दुसऱ्याला विचारता विचारता आपल्या ज्ञानातली भोकं दिसतात. वर्गात पहिली येणारी एक मुलगी बफर समजावत होती. मैत्रिणीने सहज विचारलं, ‘मग बफरमध्ये नुसतं पाणी ओतलं तर पीएच बदलेल का?’ ती थबकली. सूत्र तिला पाठ होतं, पण त्यात आम्ल आणि क्षार यांचं गुणोत्तर आहे, पाणी ओतल्यावर दोन्ही सारखेच विरळ होतात आणि गुणोत्तर तसंच राहतं, हा अर्थ तिने कधी वाचला नव्हता. मग दोघींनी मिळून पुढचाही प्रश्न काढला: ओततच राहिलं तर? फारच विरळ झाल्यावर पाण्याचे स्वतःचे आयन पुढे येतात आणि सूत्र चालेनासं होतं. ही समज तिला एकटीने अभ्यास करून मिळाली नसती.

वेळ मात्र बांधून घ्या. रात्री नऊ ते पावणेदहा, त्यानंतर ग्रुप बंद. आईंना ही वेळ स्वतः जाऊन सांगा. तेवढ्यात दोन गणितं झाली तरी पुष्कळ. चौघंही अडलात तर ते पान बाजूला काढून सरांना किंवा मॅडमना दाखवा. उत्तरसूचीशी मेळ बसेना म्हणून आपली बरोबर पायरी खोडू नका, छापील उत्तरांतही चुका असतात. आणि बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबलच वापरायचं असतं, तेव्हा सरावालाही फोनवरचा कॅल्क्युलेटर नको.

सुरुवात उद्याच करा, आणि वरच्याच गणितापासून करा. तेच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, ०.१ मोलर, ५० मिली. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. चौघांनी चार टप्पे वाटून घ्या: एकाने काहीच न टाकता, दुसऱ्याने २५ मिली टाकल्यावर, तिसऱ्याने ५० मिलीला, चौथ्याने ६० मिलीला पीएच काढायचा. हुशार मैत्रिणीला मुद्दाम पहिला, सोपा टप्पा द्या. ज्याला सगळ्यात भीती वाटते त्याला ५० मिलीचा. प्रत्येकाने आधी फ्लास्कमध्ये काय आहे ते शब्दांत लिहायचं, मगच सूत्र. उत्तरं २.८७, ४.७४, ८.७२ आणि ११.९६ यायला हवीत. मग एका आलेख कागदावर चारही बिंदू मांडा आणि दोन गोष्टींवर भांडा: अ‍ॅसिड आणि बेस बरोबर संपले असताना ५० मिलीला पीएच ७ का आला नाही, आणि साधारण ८.२ ते १० मध्ये रंग बदलणारं फिनॉल्फ्थॅलीन इथे का चालतं, ३.१ ते ४.४ मध्ये बदलणारं मिथाइल ऑरेंज का चालत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ५० मिली काढणाऱ्यानेच बाकीच्या तिघांना समजावून सांगायचं.